तिसऱ्या बाकावरची मान

माझं लग्न एका मानेशी लागलंय, असं माझी मामी कुणालाही सांगते. नव्या शेजारणीला सांगते, बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईला सांगते, माझ्या चष्म्याच्या दुकानात आलेल्या गिऱ्हाइकालाही सांगते. समोरचा माणूस बावचळतो. मग मामी खुर्ची ओढून घेते आणि सगळं पहिल्यापासून सुरू करते. तेवढ्यात माझं गिऱ्हाईक समोरच्या दुकानात चष्मा घेऊन मोकळं झालेलं असतं.

मान मामाची. म्हणजे मामा म्हणतो, त्याची. मामी म्हणते, मान काय, कुणाचीही असते.

मामा बेकरीत होता, भट्टीवर. लोकांना सकाळी ताजा ब्रेड लागतो म्हणून कुणीतरी रात्रभर जागायचं असतं. तो कुणीतरी म्हणजे माझा मामा. उभा जन्म त्याने रात्री जागून काढला आणि दिवसा, जिथे टेकायला मिळेल तिथे, झोपून काढला. पिठाच्या पोत्यावर झोपला, दवाखान्याच्या बाकावर झोपला, माझ्या शाळेच्या स्नेहसंमेलनात पहिल्या रांगेत झोपला. झोपण्याची तऱ्हासुद्धा ठरलेली. तोंड सताड उघडं आणि उजव्या हाताच्या चिमटीत कानाची पाळी. ही भट्टीवाल्यांची खोड. तापलेला ट्रे ओढताना बोट भाजलं की ते पटकन पाळी धरतात, पाळी गार असते. मामाचं कान धरणं बेकरी सुटली तरी सुटलं नाही. घाबरला की कान, हिशेब चुकला की कान, झोपला की कान. मामी म्हणते, एवढी ओढली तरी पाळी तिथेच राहिली, हीच देवाची कृपा.

आता सिनेमाचं. मामा तेव्हा विशीत होता. शहराच्या कडेला एका रिकाम्या गोदामात लाकडी कोर्ट उभं राहिलं आणि एका काळ्या-पांढऱ्या सिनेमाचं शूटिंग सुरू झालं. कोर्टात खटला ऐकायला बसणारी माणसं हवी होती. अंगावर बरा शर्ट आणि दुपारचं जेवण फुकट, एवढ्यावर मामा गेला.

तो सिनेमा पुढे मोठा झाला. मोठा म्हणजे विद्वान लोक ज्याच्याबद्दल बोलताना डोळे मिटतात, तेवढा मोठा. गोष्ट साधी आहे. एका पोस्टमनवर खुनाचा आळ येतो. पोस्टमन कोर्टात तोंड उघडत नाही, कारण उघडलं तर दुसऱ्या कुणाच्या तरी लेकीची अब्रू जाईल. त्याचा वकील म्हातारा, जिना चढला की धापा टाकणारा. साक्षीदार येतात, जातात, सगळे पोस्टमनच्या विरुद्ध. शेवटी वकील उठतो. न्यायाधीशांकडे पाठ करतो आणि बाकांवर बसलेल्या लोकांना विचारतो, “तुमच्यातल्या एकानं तरी या माणसाकडे नीट बघितलंय का?”

आणि गप्प होतो. इतका वेळ गप्प, की पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं रीळ अडकलं. पंखा फिरत असतो, त्याची सावली भिंतीवरून जात असते. मग तो अगदी हळू म्हणतो, “झोपा. झोपा तुम्ही. मी जागा आहे.”

बस. त्या एका वाक्यावर तो सिनेमा अजून जिवंत आहे. लोकांनी ते पोस्टरवर छापलं, निवडणुकीत वापरलं, एका गादीवाल्याने तर दुकानाच्या पाटीवर लिहिलं.

मामा या सिनेमाचा भक्त. बघावा कसा हे मला त्यानेच शिकवलं. तो म्हणायचा, रंगीत सिनेमात कपडे दिसतात, यात घाम दिसतो. आरोपीच्या तोंडावर खिडकीच्या गजांच्या सावल्या किती आहेत बघ, साक्षीदारागणिक एक वाढते. गाणं नाही, वाजवणं नाही, आवाज काय तो पंख्याचा. पण त्याचा जीव त्या गप्प बसण्यावर. का, तर मामाने सकाळची तालीम स्वतः बघितली होती. तालमीत तो नट टेबलावर मूठ आपटून ‘न्याय द्या!’ म्हणून ओरडत होता. झोपाबिपा काही नव्हतं. मग पडद्यावर हे आलं कुठून? मामाचं उत्तर ठरलेलं. मोठा नट! ऐनवेळी आतून आलं. साक्षात न्यायदेवता दिसली असणार त्याला समोर. ते सांगताना मामाचा आवाज जड व्हायचा. घरात कुणाचं भांडण झालं, कुणी नापास झालं, नळाचं पाणी गेलं तरी मामा ते भाषण म्हणून दाखवायचा. गप्प बसायची वेळ आली की छताकडे बघत उभा राहायचा. मग स्वयंपाकघरातून मामी विचारायची, पुढचं विसरलात का.

मामीचा राग उगाच नाही. लग्न ठरवणाऱ्या मध्यस्थाने मुलगा बेकरीत आहे म्हटल्यावर तिच्या वडिलांनी नाक मुरडलं होतं. मध्यस्थ लगेच म्हणाला, बेकरी काय तात्पुरती, मुलगा सिनेमात आहे. वडील विरघळले. मामीही विरघळली, पण हे ती फक्त तिच्या बहिणीजवळ कबूल करते. लग्नानंतर थोड्याच दिवसांत सिनेमा लागला आणि या बाईने हौसेने अख्खी गल्ली थेटरात नेली. नवरा दाखवायला. सिनेमा संपत आला तरी नवरा दिसेना. शेवटी मामाने अंधारात बोट दाखवलं. तिसऱ्या बाकावर पाठमोरा एक माणूस, मान खाली घालून रडतोय. मामा कुजबुजला, तो मी, भाषण ऐकून मला खरंच रडू आलं होतं. मामीने बघेपर्यंत ती मान गेली. बाहेर आल्यावर गल्ली हसली, ती पुढे वर्षभर हसली. त्यानंतर मामी पुन्हा कधीही मामाच्या शेजारी बसून सिनेमा बघायला गेली नाही. बहिणीबरोबर जाते, माझ्याबरोबर जाते, खालच्या मजल्यावरच्या भांडकुदळ बाईबरोबरसुद्धा गेली. मामाबरोबर नाही. मामा दर वेळी कपडे करून दारापर्यंत जायचा आणि विचारायचा, मी पण येऊ का. ती म्हणायची, तुमची मान पाठवा, तेवढी पुरे.

मामाचं दुःख म्हणाल तर एवढंच होतं. त्याला पुरस्कार नको होता, पडद्यावर नाव नको होतं. तो सिनेमा एकदा मामीला शेजारी बसवून बघायचा होता, आणि तिने मानेवर विश्वास ठेवायचा होता.

यंदा मामीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. चष्मा मी केला, उत्तम केला, स्वतःचं कौतुक करायला मला कुणी लागत नाही. त्याच सुमारास वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये तो सिनेमा दाखवणार असल्याची पाटी लागली. जुनी फिल्म धुऊनपुसून स्वच्छ केलीय, पूर्वी काजळी धरल्यासारखे दिसणारे कोपरेसुद्धा आता लख्ख दिसतात, असं पाटीवर होतं. मामीने नव्या चष्म्यातून ती पाटी रस्त्याच्या पलीकडून वाचली. घरी येऊन जाहीर केलं की आपण दोघं जाणार. आता मला दिसतंय, एकदाचा निकाल लागू दे.

मला वाटलं मामा नाचेल. तर तो दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच दारात उभा. चेहरा उतरलेला, हात कानाला. आत आला, फ्रेमा चाचपल्या, एक पाडली. मग म्हणाला, तुझ्या मामीच्या चष्म्याचा नंबर जरा इकडचा तिकडे करता येईल का, दोन दिवसांपुरता.

मी कपाळावर हात मारला. मामा, ऑपरेशन झालंय तिचं, तू काय बोलतोयस, तुझं तुला कळतंय का? तेव्हा तो स्टुलावर बसला आणि खाली बघत म्हणाला, “ती मान माझी नाही.”

मग सगळं बाहेर आलं. त्या दिवशी तो रात्रपाळी करून तसाच शूटिंगला गेला होता. सकाळच्या तालमीपर्यंत कसाबसा जागा राहिला. नंतर दिवे लावले. ते दिवे म्हणजे भट्टीच, तशीच ऊब, तसाच उजेड, आणि बसायला बाक. त्याने खांबाशेजारची शेवटच्या बाकावरची जागा पकडली होती. जाग आली ती कुणीतरी कॉलर धरून ओढत होतं तेव्हा. पैसे नाहीत, जेवण नाही, सरळ दाराबाहेर. भाषण त्याने ऐकलंच नव्हतं. झोपलेल्या माणसाला सिनेमात कोण ठेवतो, तो तुकडा फेकला असणार, अशी त्याची खात्री. पण तोवर मध्यस्थ बोलून बसला होता. मग थेटरात मामीच्या प्रश्नाला उत्तर द्यायची वेळ आली आणि त्याने समोर दिसेल ती मान स्वतःची म्हणून सांगितली.

“तिला मी आयुष्यात एकच मोठी गोष्ट सांगितली,” मामा म्हणाला, “आणि तीच थाप निघणार.”

मी त्याला झापलं. इतकी वर्षं मलाही ती मान दाखवत होतास, मी शाळेत निबंध लिहिला होता त्या मानेवर! पण त्याचे हात बघितले आणि राग ओसरला. भाजल्याचे जुने डाग बोटांवर होते आणि त्याच बोटांनी तो मघाशी पाडलेली फ्रेम पुसत होता. मी म्हटलं, आपणहून सांगून टाक तिला. तो म्हणाला, सांगतो, संध्याकाळी सांगतो. संध्याकाळी त्याच्या पोटात दुखायला लागलं.

सिनेमाच्या दिवशीही दुखत होतं. मामीने त्याला गोळी दिली, इस्त्रीचा शर्ट दिला आणि पुढे घालून नेलं. आरोपीला नेतात तसंच दिसत होतं, मी मागून चालत होते म्हणून सांगते.

हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, समोर पडदा, डोक्यावर कुरकुरणारा पंखा. सिनेमा मंडळाच्या अध्यक्षांनी आधी भाषण केलं. उंच, सडपातळ, गळ्यात मफलर, त्याचं टोक कायम हातात, आवाज असा की अर्धं वाक्य ते स्वतःलाच ऐकवतात. ते म्हणाले, आजवर आपल्याला काळोखामुळे जे दिसलं नाही ते आज दिसेल. मागच्या बाकावर दिग्दर्शकाने एक निद्रिस्त माणूस बसवलाय, हाताने स्वतःचा कान धरलेला. हा समाज आहे. अपराधी, आणि तरीही झोपलेला. काय प्रतीक आहे!

मी कान टवकारले. मी मामाकडे बघितलं. त्याने काही ऐकलंच नव्हतं, तो तिसऱ्या बाकाच्या भीतीने आधीच अर्धा मेला होता.

सिनेमा सुरू झाला. एवढा स्वच्छ मी कधी पाहिला नव्हता. पोस्टमनच्या सदऱ्याचं ठिगळ दिसत होतं, वकिलाच्या कोटावरची खडूची धूळ दिसत होती. खरं सांगते, घटकाभर मी मामा-मामी विसरले. मग वकील उठला आणि तिसरा बाक आला. पाठमोरा माणूस, मान खाली. मानेवर सुरकुत्यांचं जाळं, केस पांढरेशुभ्र. सत्तरीचा म्हातारा. आणि मामा तेव्हा विशीत.

मामीने बघितलं. चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. लग्न झाल्यापासून ती इतकी गप्प कधी बसली नव्हती. मामा आपल्या चपलांकडे बघत होता, डोळ्यांत पाणी साचलेलं. मला त्याची इतकी दया आली की मीच उठून काहीतरी थाप मारावी असं वाटलं.

पडद्यावर वकिलाने विचारलं, तुमच्यातल्या एकानं तरी या माणसाकडे नीट बघितलंय का? आणि गप्प झाला. कॅमेरा त्याच्या खांद्यावरून वळला, बाकांवरून मागे मागे गेला. जिथे नेहमी नुसता काळोख असायचा तिथे आता खांब होता. खांबाला टेकून एक पोरगा. तोंड सताड उघडं, चिमटीत कानाची पाळी, गाढ. मग पडद्यावर पुन्हा वकिलाचा चेहरा आला, तो त्या पोराकडेच बघत होता. न्यायदेवतेकडे वगैरे नाही. आपण जीव तोडून बोलतोय आणि समोर एक जण घोरतोय, हे बघणाऱ्या माणसाचा तो चेहरा होता. आधी राग आला, मग राग गेला, मग काहीतरी फार थकलेलं, मायेचं आलं. “झोपा. झोपा तुम्ही. मी जागा आहे.”

“अहो,” मामी त्या शांततेत मोठ्याने म्हणाली, “हे तुम्ही.”

मागून शुक्-शुक् झालं. मामाने मान वर केली, तोवर पडद्यावर न्यायाधीश आले होते. तो घाईघाईने म्हणाला, मी नाही. इतकी वर्षं मी आहे, मी आहे म्हणून सांगणारा माणूस, नेमका दिसला तेव्हा नाही म्हणतोय! मामी म्हणाली, तुम्हीच. तो म्हणाला, शप्पथ नाही. लोकांनी पुन्हा शुक्-शुक् केलं.

दिवे लागल्यावर अध्यक्षांनी चर्चा सुरू केली. समाजाच्या झोपेबद्दल ते दोन वाक्यं बोलले असतील नसतील, मामी उभी राहिली.

“तो समाज नाही,” ती म्हणाली. “तो माझा नवरा आहे.”

हॉल हसला. अध्यक्ष हसले नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. त्यांनी नम्रपणे विचारलं, आपण कशावरून म्हणता? मामी म्हणाली, हे उघडं तोंड मी लग्न झाल्यापासून रोज बघतेय. यांच्या मानेबद्दल मला काही सांगता येत नाही, पण झोपेची साक्ष माझ्याइतकी कोण देणार. आणि पुरावाच हवा असेल तर हे बघा. तिने खाली बोट दाखवलं. सगळ्यांनी वळून बघितलं. घाबरून अंग चोरून बसलेला माझा मामा, उजव्या हाताच्या चिमटीत कानाची पाळी.

मग हसणं थांबलं. अध्यक्षांनी तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. मामाने तो आयुष्यात पहिल्यांदा वर मान करून, नीट बघितला. तालमीतली आपटलेली मूठ कुठे गेली ते त्याला कळलं, ते वाक्य कुणाला म्हटलं होतं तेही कळलं. नळ गेल्यावर, पोरं नापास झाल्यावर तो जे वाक्य म्हणत आला ते त्याचंच होतं, त्यालाच सांगितलेलं. तो रडला. खरा, खांदे हलवून रडला, आणि या वेळी मान कुणाची याबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती. अध्यक्षांनी मफलर सोडून त्याच्याशी हात मिळवला. त्यांचं प्रतीक गेलं, समाज गेला, पण माणूस खूश होता. पुढच्या वेळी आपण बोलाल का, असंही विचारलं. मामी म्हणाली, बोलतील, जागे राहिले तर.

परतताना बसमध्ये गर्दी नव्हती. ती दोघं एका बाकावर, मी मागच्या. मामाने खिडकीकडे तोंड करून सगळं सांगून टाकलं. रात्रपाळी, कॉलर, दुसऱ्याची मान. मी श्वास रोखून बसले होते.

“म्हणजे इतकी वर्षं खोटं बोललात,” मामी म्हणाली, “आणि तेही तुम्हाला धड जमलं नाही, खरंच निघालं.”

मामा ओशाळून हसला. म्हणाला, जेवणसुद्धा दिलं नाही गं त्यांनी. त्यावर मामीने आधी त्या शूटिंगवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. रात्रभर भट्टीवर उभं राहिलेलं पोर, त्याला उपाशी हाकलताना काही वाटलं नाही मेल्यांना? मग विचारलं की पुढच्या रविवारी कुठला सिनेमा लागलाय, आणि दोन तिकिटं काढायची ती एकमेकांशेजारची काढा, मागच्या वेळी बहिणीने खांबामागची काढली होती.

तोवर मामाचं तोंड उघडं पडलं होतं आणि हात कानाकडे गेला होता. बस वळली तसं त्याचं डोकं मामीच्या खांद्यावर कललं. मला वाटलं, ती नेहमीसारखं कोपराने ढोसेल. तिने चष्मा काढून पर्समध्ये ठेवला आणि त्याचा शर्ट सारखा केला.

“झोपा,” ती म्हणाली. “झोपा तुम्ही. मी जागी आहे.”

आमचा स्टॉप आला तेव्हा तिने मला हाताने खूण केली, आणि आम्ही पुढच्या स्टॉपला उतरून मागे चालत आलो.